खणीवरचा दहावा

काकांचा दहावा ऑगस्टमध्ये, सांगलीत पूर असताना, आमच्या उपनगरातल्या खणीच्या काठावर झाला. नदीच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. पूर आला की आमच्याकडचे लोक हा विधी खणीवर करतात. पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला, पण शिवला. त्याच दुपारी थोरल्या मुलाने काकूंना गाडीत बसवून शिराळ्याजवळच्या गावी नेले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते गावच्या उसात परत गेले नाहीत. सांगलीत त्यांनी दोन खोल्यांचे घर घेतले. शेती थोरला मुलगा बघत होता, धाकटा सैन्यात होता. मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो आणि काकांच्या मागच्या गल्लीत राहत होतो. शेवटची काही वर्षे काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. त्यांची उस्तवार काकूंनी एकटीने केली. सकाळी व्यायाम करून घेणारा माणूस घरी आला की काकू तेवढा वेळ खणीवर फिरायला जात. ड्युटी रात्रीची असल्याने सकाळी मी मोकळा असे आणि त्यांच्याबरोबर जात असे.

खण म्हणजे वीटभट्ट्यांसाठी माती काढून झालेला खड्डा. भट्ट्या बंद पडल्या, खड्ड्यात ओढ्याचे आणि पावसाचे पाणी साठले, काठाने पाणकणीस उगवले आणि पक्षी आले. नंतर तिला कुंपण, फरशीची वाट, बाके आणि फाटक मिळाले. फाटकावर पक्षी उद्यान अशी पाटी आहे. पाटीवर रोहित पक्ष्याचे चित्र आहे. रोहित इथे उतरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

फिरायला येणारे बहुतेक जण पाणी उजव्या हाताला ठेवून चालतात. तसा नियम कोणी लावलेला नाही. देवळात प्रदक्षिणा घालायची सवय पायांना असते, ती इथेही राहिली आहे. काकू उलट दिशेने चालत. फाटक दक्षिणेला आहे. उलट गेले की पूर्वेचा काठ आधी लागतो, ऊन पाठीशी येते आणि पाण्यावरच्या पक्ष्यांचे रंग दिसतात. त्यामुळे रोज प्रत्येक माणूस त्यांना समोरून भेटे. एक निवृत्त मास्तर होते, ते रोज टोकत.

"काकू, उलटं फिरू नये."

"मी देवाला न्हाई आले मास्तर, पाखरांस्नी बघाया आलीया."

"पण बघणाऱ्याला विचित्र दिसतं."

"मग तुमी पाण्याकडं बघा की. माझ्याकडं कशाला बघतासा?"

पक्ष्यांची नावे त्या माझ्याकडून आणि चित्रांच्या एका पुस्तकातून शिकल्या. ज्यांची नावे त्यांना आधीच माहीत होती, ती त्यांनी बदलली नाहीत. पुस्तकातल्या वंचकाला त्या ढोकरीच म्हणत. घरी परतल्या की काका पलंगावरून एकच शब्द विचारत, "रिपोर्ट?" जीभ जड झाली होती, तरी तो शब्द नीट उमटे. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून सांगत: टिबुकल्या आहेत, जांभळ्या पाणकोंबड्यांना पिले झालीत, खंड्या आज नव्हता. काका एखाद्या पक्ष्याबद्दल पुन्हा विचारत. त्यांनी स्वतः खण कधी पाहिली नाही. उद्यान झाले तेव्हा ते उठू शकत नव्हते.

दहाव्याच्या दिवशी गावाहून दोन गाड्या भरून माणसे आली. बारीक पाऊस लागून राहिला होता. पूर्वेच्या काठावर एक सिमेंटचा ओटा आहे, तिथे गुरुजींनी मांडणी केली. थोरल्याने पिंड केले. धाकटा शेजारी बसला होता, त्याची रजा संपत आली होती. पत्रावळीवर भात, वडे, खीर, चहाचा कप आणि तंबाखूची पुडी ठेवली. एका चुलतभावाने कँटीनची रम आणली होती, तीही झाकणात ओतून ठेवली. गुरुजींनी रमकडे पाहिले नाही.

मग सगळे मागे सरले. पन्नासेक माणसे छत्र्या धरून ओट्याभोवती अर्धगोल करून उभी राहिली. कावळे होते. ते कुंपणाबाहेरच्या विजेच्या तारेवर ओळीने बसलेले सगळ्यांना दिसत होते. त्यातला एकही खाली येत नव्हता. खणीत इतर सगळे चालू होते. टिबुकल्या बुडून वर येत होत्या. ढोकरी पाणकणसाच्या मुळाशी उभी होती. वाळलेल्या बाभळीवर दोन पाणकावळे पंख पसरून बसले होते.

काकांच्या एका मेव्हण्याने तिकडे बोट दाखवून विचारले, "गुरुजी, त्यो शिवला तर चालतंय का?"

"तो पाणकावळा आहे," गुरुजी म्हणाले.

"कावळाच की मग. ह्येला पवाया येतंय, येवढाच फरक."

दोघे-तिघे हसले. काकांच्या थोरल्या भावांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, मान वळवून पाहिले. हसणारे गप्प झाले.

कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असे धरतात. ती कोणती ते घरच्यांनी ओळखायचे आणि पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा. शब्द बरोबर निघाला की कावळा येतो. तात्यांनी दोन्ही पुतण्यांना पुढे बोलावले.

"सांगा रं, काय ऱ्हायलं आसंल त्येच्या मनात. एकेकानं बोला."

धाकटा म्हणाला, "आबा, तुमची स्कूटर इकत न्हाई. ती मी ठेवतो."

तारेवर काही हालले नाही.

थोरला म्हणाला, "आबा, बांधाचा वाद मिटवतो."

बांधाचा वाद ज्याच्याशी होता तो भाऊबंद छत्री धरून तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मिटव की. मी कवा न्हाई म्हणलोय?"

"तू आत सरकलायस, तू मागं हो, मग मिटंल."

"हितं नगं," तात्या म्हणाले.

कोणीतरी सुचवले म्हणून थोरल्याने काकांच्या नातीला डॉक्टर करण्याचा शब्द दिला. मागून एक बाई म्हणाली, "तिला इचारलंय का?" त्यावर पुन्हा हसू फुटले आणि थांबले. कावळे बसून होते. गुरुजी घड्याळ बघत होते. पुरामुळे सगळ्यांचे विधी इथेच होते आणि पुढचे कुटुंब फाटकापाशी येऊन थांबले होते.

"दर्भाचा कावळा करतो," गुरुजी म्हणाले. "तो शिववला की झालं. शास्त्राला धरून आहे."

"आमच्या भावकीत अजून कुणाला दर्भाचा शिवल्याला न्हाई," तात्या म्हणाले.

"पण उशीर किती करायचा?"

"येईल त्यो. आजून खरं बोललं न्हाई कुणी."

काकू बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. त्या तारेकडे बघत होत्या.

पुढचा क्रम मी जसा पाहिला तसा देतो. पाऊस थांबला. पहिली छत्री तात्यांनी मिटली. त्यांचे बघून इतरांनी मिटायला सुरुवात केली. त्याच वेळी थोरला दोन पावले पुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला, "आबा, आईला एकटी ठेवत न्हाई. आजच गावाकडं नेतो. मरंपतूर माझ्यासंगं ऱ्हाईल." त्याचे बोलणे संपता संपता तारेवरून एक कावळा उतरला. तो आधी ओट्याच्या कडेला बसला, मग पत्रावळीवर आला आणि पिंडातले शीत उचलून उडाला. त्याच्यामागे आणखी दोन आले.

"शिवला," असे एकाने म्हटले आणि तो शब्द मागच्यापर्यंत गेला. तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. थोरल्याच्या पाठीवर हात पडू लागले. धाकटा रडला. या शब्दाबद्दल काकूंना आधी कोणी विचारले नव्हते. तसे विचारायची पद्धतही नाही.

घरी आल्यावर काकू कपडे भरत होत्या. मी दारात उभा होतो. बाहेर गाडीत सामान चढत होते.

"छत्र्या मिटल्या म्हणून आला त्यो," त्या म्हणाल्या. "कावळा काळ्या छत्रीला भितंय. आपल्या दारात बी छत्री वाळत घातली की येत न्हाई."

"थोरल्याला सांगू?"

"आता? येवढ्या माणसांनी बघितलंय. बापाला खोटं पाडती म्हणत्याल."

पिशवीचा बंद आवळत त्या म्हणाल्या, "ह्यांनी मला सांगितलं हुतं, मी गेल्याव हितंच ऱ्हा म्हणून. गावाकडं जाऊ नगं म्हणलं हुतं."

"तेव्हा आणखी कोण होतं?"

"खोलीत दुसरं कोण आसणार?"

काकांच्या या बोलण्याला दुसरा साक्षीदार नाही. काकू खोटे बोलल्याचे मला आठवत नाही, एवढेच मी नोंदवू शकतो.

खणीवर पक्षी बघायची दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती न्यायला सांगितले.

"गावात दुर्बीण घिऊन उभारले तर कुणाच्या घरात बघतीया म्हणत्याल," त्या म्हणाल्या. दोन पिशव्या आणि काकांचा फोटो घेऊन त्या गाडीत बसल्या.

दिवाळीनंतर मी गावी गेलो. थोरल्याचे घर शेतात आहे, स्लॅबचे आणि प्रशस्त. तीन बाजूंनी ऊस अंगणापर्यंत आलेला. त्या महिन्यांत ऊस डोक्याच्या वर जातो. ओसरीवर बसले की समोर ऊस, डावीकडे ऊस, वर आभाळ. चौथ्या बाजूला गोठा आणि त्यापलीकडे रस्ता. काकूंना उजेडाची खोली दिली होती. दूध, फळे, औषध वेळेवर मिळत होते. नातवंडे त्यांच्याजवळ निजत. त्यांना तिथे कोणी दुखावले, असे मला आढळले नाही.

पहिल्याच आठवड्यात त्या सकाळी उठून कालव्याच्या रस्त्याने फिरायला गेल्या होत्या. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारले, "कुठं निघालासा?" कुठेही नाही, फिरायला, हे उत्तर कोणाला पटले नाही. एका म्हातारीने त्यांना कट्ट्यावर बसवून हळू आवाजात विचारले, सुनेशी भांडण झाले काय. त्या नाही म्हणाल्या. म्हातारीने ते खरे धरले नाही आणि दुपारपर्यंत गोष्ट घरी पोचली.

सुनेने ती माझ्यासमोर पुन्हा सांगितली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"आवं भावजी, आत्या एकट्या रस्त्यानं गेल्या की बाया मला इचारत्यात, काय गं, सासूला काय बोललीस? आता काय सांगू?"

"मग तू येत जा माझ्यासंगं," काकू म्हणाल्या.

"मी आल्याव भाकरी कोण थापंल? आन् दोघी गेलो तर म्हणत्याल, दोघींनी घर सोडलं."

यावर तोडगा शेजारणीने सांगितला. हातात काहीतरी असले की कोणी विचारत नाही. काकू विळा आणि दोर घेऊन जाऊ लागल्या. खरेच कोणी अडवले नाही. त्या कालव्यापर्यंत जात, पाण्यात काय उतरले ते बघत, येताना थोडे गवत कापून आणत. काही दिवस हे चालले. मग गावच्या सोसायटीच्या कचेरीत बसलेल्या कोणीतरी थोरल्याला विचारले, "आईला वैरणीला लावलीस व्हय रं? शब्द दिलास तो ह्येच्यासाठनं?" त्या संध्याकाळी विळा माळ्यावर गेला.

त्यानंतर त्या गच्चीवर फिरू लागल्या. गच्ची लांब नाही. कठड्याच्या कडेने एक फेरी लगेच संपते. मी गेलो तेव्हा त्या मला वर घेऊन गेल्या. वरून उसाचे तुरे दिसत होते, सगळीकडे एकाच उंचीचे, थेट डोंगरापर्यंत.

"वारं आलं की पाण्यागत हालतंय," त्या म्हणाल्या. "पण त्यात काय उतरत न्हाई."

खालून थोरल्याने हाक मारली, "आई, कडंला जाऊ नगं. चक्कर ईल."

त्या मधे आल्या.

रविवारी त्या मला फोन करत. खणीत काय आहे ते विचारत. ऐकायला कमी येत असल्याने फोन स्पीकरवर असे आणि घरातले सगळे ऐकत असत. मी पक्ष्यांची नावे सांगू लागलो की नातवंडे हसत. एकदा हळदीकुंकू बदकाचे नाव आले तेव्हा सून मागून म्हणाली, "आता पाखरं बी हळदीकुंकू करत्यात काय?" पुढचे फोन थोडक्यात झाले. मी सगळे ठीक आहे म्हणायचे, त्यांनीही सगळे ठीक आहे म्हणायचे आणि फोन ठेवायचा.

थंडीत ऊस तुटला. टोळी आली, काही दिवसांत तिन्ही बाजू मोकळ्या झाल्या आणि ओसरीवरून समोरचा ओढा, पलीकडचे गाव आणि डोंगराचा पायथा दिसू लागला. काकूंनी त्या आठवड्यात दोनदा फोन केला. उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात, बगळे उतरले होते, नांगराच्या मागे कोतवाल फिरत होते, एकदा मोठे करडे करकोचे उडत गेले. काही शेतांत नव्याने लागण झाली, काहींत तुटल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी सोडले. हिरवे पुन्हा वर येऊ लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी उजव्या डोळ्याला धुरकट दिसू लागल्याचे त्यांनी घरात सांगितले. शिराळ्यात तपासणीचे शिबिर होणार होते. काकू म्हणाल्या की मिरजेलाच जायचे, काकांचे सगळे औषधपाणी तिथे झाले आहे, तिथल्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास आहे. थोरल्याने ते मानले. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या तपासण्या होईपर्यंत काकूंनी माझ्याकडे राहायचे ठरले. गावाहून रोज येणे-जाणे सोयीचे नव्हते. दिलेला शब्द यामुळे मोडतो का, असे थोरल्याने तात्यांना विचारल्याचे मला नंतर कळले. दवाखान्याला चालतंय, असे तात्या म्हणाले होते.

तपासणीला मी बरोबर होतो. डॉक्टरांनी पट्टी काढली, डावा डोळाही तपासला. तिथेही मोतीबिंदू होता, पण कोवळा.

"ह्यो बी आत्ताच करून टाका की," काकू म्हणाल्या.

"आत्ता गरज नाही, आजी. पिकू दे. मग बघू."

"म्हंजे परत यावं लागंल न्हवं?"

"यावं लागेल."

"हितंच?"

"इथेच या. कागद आमच्याकडे आहेत."

काकूंनी मान हलवली. बाहेर रिक्षात बसल्यावर काळा चष्मा नीट करत त्या म्हणाल्या, "अजून एक डोळा शिल्लक हाय."

डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली त्या दिवशी आम्ही खणीवर गेलो. मार्च लागला होता. पाणी आत हटले होते आणि काठाला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली होती. टिटव्या ओरडत होत्या. तुतारी नावाचे लहान चिखलपक्षी शेपूट हलवत फिरत होते. काकू फाटकातून आत आल्या आणि उजवीकडे वळल्या, पूर्वेच्या काठाने. समोरून मास्तर आले.

"आलात का? आम्ही म्हटलं, गावाकडं सरळ झालात."

"तिथं फिरायाच देत न्हाईत, मास्तर. सरळ न्हाई आन् उलटं बी न्हाई."

मास्तर हसले आणि पुढे गेले.

ओट्याजवळच्या बाकावर आम्ही बसलो. पाणकणसातून हळदीकुंकू बदकांची जोडी बाहेर आली. चोचीचे टोक पिवळे, चोचीच्या मुळाशी लाल ठिपके. काकूंनी माझ्याकडून दुर्बीण घेतली आणि शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने बराच वेळ बघितले.

"आता आमच्या वाट्याला येवढंच हळदीकुंकू," त्या म्हणाल्या. "पण लय ठळक दिसतंय."

त्यानंतर शेवटच्या तपासणीपर्यंत त्या रोज खणीवर आल्या. काही दिवस एकट्याच गेल्या. एकदा चुकीच्या वळणाने स्वतःच्या घराकडे गेल्या आणि कुलूप बघून परत आल्या, असे त्यांनी सांगितले. चुकीने गेल्या की मुद्दाम, हे मी विचारले नाही.

शेवटची तपासणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला गाडी घेऊन आला. काकू घरी नव्हत्या. मी त्याला खणीवर घेऊन गेलो. दहाव्यानंतर तो तिथे पहिल्यांदाच येत होता. काकू ओट्याजवळच्या बाकावर होत्या. तो त्यांच्यापाशी गेला. मी दुसऱ्या टोकाला बसलो. उठून जाण्यासारखे काही नव्हते आणि दोघांपैकी कोणी जा म्हटले नाही.

"चल आई. ऊन व्हायच्या आत निघू."

"बस जरा."

तो बसला. पाण्यावर एक लहान पक्षी तरंगत होता. त्याने विचारले, "ते कोन?" काकू म्हणाल्या, "टिबुकली. आत्ता बुडंल, बघ. आन् तिकडं निघंल." ती बुडाली आणि दुसरीकडे निघाली. तो जरासा हसला.

मग काकू म्हणाल्या, "मी हितं ऱ्हाते."

"हितं म्हंजे?"

"माझ्या घरात. किल्ली तुझ्याकडं हाय, ती दे. तू येत जा. मी बी येत जाईन सणावाराला."

"शब्द दिलाय, आई."

"तू दिलास. मी न्हाई दिला."

"कावळा शिवला."

"पाऊस थांबला. तात्यांनी छत्री मिटली, समद्यांनी मिटली. मग आला त्यो. तुझा बाप न्हवता त्यो. कावळा हुता."

थोरल्याने ओट्याकडे पाहिले. ओटा धुतलेला होता, त्यावर काही नव्हते.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"छत्र्यांचं. मी बी बघतच हुतो की. पहिली छत्री मिटली तवाच एक कावळा तारेवरनं सरकला. मला वाटलं आता येतोय. म्हणून म्हणलो."

काकू त्याच्याकडे वळल्या. "म्हणून म्हणलास?"

"मनात हुतंच. खोटं न्हाई ते. लोक म्हणत हुते, आईबापाला सांगलीत टाकलंय. कुणी तोंडावर म्हणत न्हाई, पर म्हणत्यात. म्हणलं आता बोलावं."

"मग आता मोड शब्द."

"कसा मोडू?"

"जसा दिलास तसा. तोंडानं."

"तात्यांनी बघितलंय, भावकीनं बघितलंय. त्यास्नी छत्र्या न्हाई दिसल्या, कावळा दिसला. उद्या गुरात रोग आला, पोराला ताप आला, तरी म्हणत्याल, बापाचा शब्द मोडला म्हणून. माझीच बायको म्हणंल." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला बी तिथंच ऱ्हायाचंय, आई."

फाटकाकडून शिट्टी ऐकू आली. उन्हाळ्यात उद्यान सकाळी लवकर बंद करतात, त्याआधी रखवालदार शिट्टी वाजवतो. फिरणारे फाटकाकडे निघाले. मास्तर जाताना थांबले आणि त्यांनी विचारले, "हे चिरंजीव का?" काकू म्हणाल्या, "व्हय. थोरला." मास्तरांनी त्याला आईची सेवा करतो म्हणून शाबासकी दिली. थोरला उठून त्यांच्या पाया पडला.

मग काकू उठल्या. माझ्या घरून त्यांची पिशवी आणि डोळ्यात घालायचे थेंब घेतले. दुर्बीण त्यांनी टेबलावर ठेवली. गाडी निघाली तेव्हा त्या पुढच्या सीटवर होत्या आणि काळा चष्मा लावलेला होता.

सांगलीच्या घरात उन्हाळ्यात भाडेकरू राहायला आले. ते थोरल्याने ठरवले. घर रिकामे राहिले की भिंती खराब होतात, असे त्याने मला सांगितले. काकूंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढच्या वर्षी पिकला. मिरजेचे कागद मागवून घेण्यात आले. कराड गावापासून जवळ आहे. शस्त्रक्रिया कराडला झाली आणि त्याच संध्याकाळी त्या घरी परतल्या, असे थोरल्याने फोनवर कळवले.